पाकिटावरचा हात

अलकापुरीतल्या त्या मोठ्या दुकानात मी बिस्किटं घ्यायला शिरले होते. मधूकाकांकडे रिकाम्या हातानं जायचं नाही, एवढंच मनात होतं. आत गारवा फार आणि माणसं थोडी. पूर्वीच्या दुकानदारानं मला ओळखून न मागता पुडी बांधली असती, इथे दारातल्या मुलीनं नुसतं वाकून हसून दाखवलं. बडोद्यात हल्ली मला दुकानंच सांगतात की तू पाहुणी आहेस. मसाल्यांच्या मांडणीपाशी वळले आणि तो हात समोर आला.

गोरा, निमुळता, लांब बोटांचा हात. मनगटावर हिरव्या काचेच्या बांगड्या. हातात पितळेची पळी, पळीतून वरणाची धार पांढऱ्या भातावर पडतेय, वर वाफ. खाली गुजरातीत लिहिलेलं, ‘माना हाथनो स्वाद’. आईच्या हातची चव. बाकी सगळं बदललंय. पाकीट जाड आणि चकचकीत झालंय, अक्षरं नवी आहेत. हात मात्र तोच. कुणीतरी तो कॉम्प्युटरवर आणखी थोडा उजळ केलाय आणि नखांना गुलाबी छटा दिलीय.

मी पाकीट उचललं, परत ठेवलं, परत उचललं. शेजारच्या बाईंनी माझं चाललेलं पाहिलं असावं. “सारो छे, लई लो ने,” त्या म्हणाल्या. मी मान हलवली. हा हात आमच्या घरचा आहे असं सांगावंसं वाटलं, पण आवरलं. लहानपणी ते इतक्या जणांना सांगून झालंय की त्यानंच पुढचा सगळा घोळ करून ठेवला.

माणसं गेलेल्या आईबद्दल बोलायला लागली की हटकून तिच्या हाताबद्दल बोलतात. कपाळावरचा हात, घास भरवणारा हात, पाठीवरून फिरलेला हात. अशा वेळी मी उठून पाणी आणायला जाते. मला आईचा चेहरा आठवतो, नाकातली चमकी आठवते, किंचित घोगरा आवाज आठवतो, जिना चढताना अर्ध्यात थांबून ‘आले गं’ म्हणणं आठवतं. हात आठवत नाही. डोळे मिटून आठवायला गेले की हा येतो, पाकिटावरचा, हिरव्या बांगड्यांचा. आणि हा हात आईचा नाही. हा मधूकाकांचा आहे.

आम्ही तेव्हा गोरव्याच्या रस्त्याला एका सोसायटीत राहायचो, वरच्या मजल्यावर, दोन खोल्या आणि गॅलरी. घराणं संस्थानच्या फौजेतलं. फौज गेली, घोडे गेले, आणि आमच्या वाट्याला मिशा आणि मोठा आवाज एवढंच राहिलं. बाबा एका इंजिनीअरिंग कारखान्यात लेथवर होते, पण चालायचे असे की मागून पलटण येतेय. मधूकाका त्यांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच असायचे. अंगानं बारीक आणि आजीवर गेलेले, म्हणून गोरे. हळू बोलायचे, हळू जेवायचे, आणि जेवताना आमटीत काय काय पडलंय ते ओळखत बसायचे. बाबांना त्याचा राग यायचा. काकांना नारळ एका फटक्यात फोडता आला नाही, काका सिनेमा बघून रडले, काका आईला भाजी निवडून देताना दिसले, की बाबांचं ठरलेलं वाक्य यायचं, “हातात बांगड्या भरल्यास काय रे?” फौजेतल्या घरात याहून मोठी शिवी नव्हती.

काका गोरव्यातल्याच एका मसाल्याच्या कारखान्यात बिलं करायचे. संध्याकाळी ते जिन्याला लागले की आधी त्यांचा वास वर यायचा. भाजलेले धणे, हिंग, सुकं खोबरं, आणि सगळ्याच्या वर मिरचीची पूड. पादरा गावाकडून मिरच्यांचे ट्रक येऊन पडले की त्या दिवसांत सोसायटीतली मांजरंसुद्धा शिंकायची. खालच्या मजल्यावरच्या शांताबेन शिंकल्या की आई कुकर चढवायची. तिला घड्याळ बघावं लागायचं नाही. मला अजूनही कुठल्या किराणा दुकानाच्या मागच्या बाजूनं तसा वास आला की भूक लागते आणि लगेच मरते.

केबल नुकतं आलं होतं त्या वेळी. गॅलरीतून गॅलरीत काळ्या वायरी लोंबायला लागल्या होत्या आणि मला मालिकांपेक्षा जाहिराती आवडायच्या. त्यातल्या आया सगळ्या गोऱ्या. त्यांना घाम यायचा नाही. साहेब ऑफिसातून यायचे, बॅग ठेवायचे, की बाई चहा घेऊन हसत उभी. मुलगे चिखलात लोळायचे आणि मुली आईला मदत करायच्या. काळं काय असायचं, तर डाग. दातांतले किडे, मोरीतले जंतू, खिडकीतून शिरणारा चोर. दंतमंजनाच्या डबीवर एक काळा माणूस होता, पण तो त्याचे दात पांढरे दिसावेत म्हणून. मी आईसारखी काळीसावळी. मला मनातून वाटायचं, दुधाचे दात पडून नवे येतात तसा मोठं झाल्यावर त्या बायांसारखा रंगही येत असेल. आई पोळ्या लाटता लाटता टीव्हीकडे बघायची आणि म्हणायची, “या बाईच्या हाताला हळद कशी गं लागत नाही कधी?” मग मी हसायचे, काका हसायचे, आणि पडद्यावरची बाईही हसत असायचीच.

त्याच सुमारास कारखान्याच्या मालकांनी, जसुभाईंनी, मसाला कागदी पुड्यांतून काढून रंगीत पाकिटात घालायचं ठरवलं. मोठ्या कंपन्यांची चकचकीत पाकिटं दुकानादुकानांतून लटकायला लागली होती. मागे राहून चालणार नव्हतं. पाकिटावर आईचा हात हवा, वाढणारा, असं जाहिरातवाल्यांनी सांगितलेलं. जसुभाई दुपारच्या सुट्टीत काकांच्या डब्यातलं हक्कानं मागून खायचे. आईची आमटी मराठी, पण शेंगदाणे आणि गूळ सढळ, कारण ती बडोद्यातच वाढलेली. तिच्या आमटीवर जसुभाईंचा जीव. ते म्हणाले, दुसरा हात शोधायचा कशाला, मधूभाईंच्या भाभींचाच घ्या. हातच्या काकणाला आरसा कशाला, असं म्हणत काका त्या दिवशी दोन-दोन पायऱ्या गाळत वर आले. बाबांनी परवानगी दिली, पण फक्त हात येणार, तोंड नाही, या अटीवर.

मग आमच्या घरात आईच्या हातांचा सण सुरू झाला. रोज झोपताना साय आणि हळद, ती धुतली की ग्लिसरीन आणि गुलाबपाणी, आणि त्यावर काकांचे जुने मोजे. भांडी मी घासायची. लिंबाच्या साली नखांवर घासून झाल्या. शांताबेननी कुठलंसं पीठ आणून दिलं, ते लावून झालं. काका मसाल्याचा वास घेऊन यायचे आणि घरात गुलाबाचा वास असायचा, दोन्ही मिळून काहीतरी तिसराच दरवळ. आई मोजे घातलेल्या हातांनी माझं पांघरूण नीट करायची आणि आम्ही दोघी हसायचो. तिचा स्पर्श म्हणून जो माझ्याजवळ पक्का आहे, तो या मोज्यांचा. नायलॉनचा, घसरता, गुलाबपाण्याचा.

फोटोच्या दिवशी तिनं मोरपंखी साडी नेसली आणि गजरा माळला. फोटोत फक्त हात येणार हे तिला माहीत होतं. रिक्षात तिच्या मांडीवर वरणाचं पातेलं फडक्यात बांधून, काकांकडे भाताचा डबा, आणि पितळेची पळी माझ्याकडे. वाटेत तिनं दोनदा मला विचारलं, गजरा सरकला नाही ने?

स्टुडिओ अलकापुरीत, एका तळघरात होता. पांढरा पडदा, छत्र्या लावलेले दिवे, आणि तापलेल्या दिव्यांचा धुळकट वास. जसुभाई कोपऱ्यात खुर्चीवर. फोटोग्राफर तरुण, दाढीवाले, शिकलेले आणि बोलायला अतिशय गोड. मला त्यांना वाईट म्हणता येत नाही, आणि याचाच मला अजून राग येतो. त्यांनी आईला ताटापाशी उभं केलं, हात दिव्याखाली धरायला लावला. कॅमेऱ्यातून पाहिलं. दिवा सरकवला, परत पाहिलं. मग टाल्कम पावडरचा डबा आणून कापसाच्या बोळ्यानं त्यांनी तिच्या हातावर पावडर लावली, मनगटापासून बोटांपर्यंत. पावडर भेगांत जाऊन बसली. सायीनं आणि हळदीनं जे झाकत आणलं होतं ते सगळं उघडं पडलं. कणीक मळता मळता उठून आल्यासारखा हात दिसायला लागला.

“असाच असतो की स्वयंपाक करताना,” आई म्हणाली. ते हसले. आईही हसली. पण पुन्हा कॅमेऱ्यातून बघितल्यावर त्यांनी मान हलवली. “तमारो वांक नथी, बेन,” ते म्हणाले. “हाथ डार्क आवे छे.” आणि आईला कळलं नसेल असं वाटून मोडक्या मराठीत परत एकदा, तुमची चूक नाही ताई. आईला पहिल्या वेळीच कळलं होतं. तिनं हात खाली घेतला आणि पदरानं पुसला.

काका एका बाजूला थर्माकोलचा पांढरा तक्ता धरून उभे होते. दिव्याचा उजेड ताटावर परतवायला त्यांना तसं उभं केलं होतं. फोटोग्राफरांची नजर त्या तक्त्याच्या कडेवर गेली. पांढऱ्यावर काकांची बोटं, लांब, स्वच्छ, बिलं लिहिणारी. ते जवळ गेले, काकांचं मनगट धरून हात उलटासुलटा केला, आणि जसुभाईंकडे वळून एवढंच म्हणाले, “आ हाथ जुओ ने.”

जसुभाईंनी हाताकडे पाहिलं आणि मग मान खाली घातली. काका पुटपुटले, वहिनी, नको, आपण घरी जाऊ. आईनं पातेल्यावरचं झाकण उचलून आत बघितलं.

“भावोजी,” ती म्हणाली, “वरण निवतंय.”

मग तिनं स्वतःच्या बांगड्या उतरवायला घेतल्या. सवाष्णीनं मनगट मोकळं ठेवायचं नाही, म्हणून दोन्ही हातांत एकेक राहू दिली. बाकीच्या तिनं बेसिनपाशी साबण लावून काकांच्या हातात चढवल्या. कासार दाबतो तसं अंगठ्याचं मूळ दाबून, हात चिंचोळा करून, एकेक. काकांना दुखलं असणार. तिनं आपला पदर त्यांच्या दंडावरून कोपरापर्यंत घेतला. पदर तिच्या अंगावरचाच, त्यामुळे तिला त्यांच्या मागे, फोटोच्या बाहेर, वाकून उभं राहावं लागलं. गजऱ्यातली दोन फुलं खाली पडली ती मी उचलली.

काकांनी मनगट हलवलं. बांगड्या वाजल्या. त्यांनी परत हलवलं, काही कारण नसताना, अगदी जरासं. त्यांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे आलं ते मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ते लाजले होते आणि खूश झाले होते, आणि खूश झालोय हे कुणाला कळू नये म्हणून ताटाकडे बघत होते. मागून आईला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण तिनं तो आवाज ऐकला. मग म्हणाली, पळी थोडी तिरपी धरा, धार बारीक पडते. तर पाकिटावर आईचं म्हणून जर काही असेल तर त्या बांगड्या, पदराचा तेवढा कोपरा, आणि वरण.

हिरव्या बांगड्यांवरून नंतर गंमत झाली. गुजराती घरातली आई हिरवा काचेचा चुडा कुठे घालते, सोन्याच्या पाटल्या पाहिजेत, असं जसुभाईंच्या बायकोनं पाकीट बघताच म्हटलं. पण तोवर माल छापून आला होता. आणि दांडिया बाजारातल्या आमच्या सगळ्या मराठी बायका हा आपल्यातल्याच कुणाचा तरी मसाला म्हणून धडाधड घेत सुटल्या. बांगड्या मग तशाच राहिल्या. जसुभाई त्यानंतर आईला दिवाळीला मिठाई पाठवायचे, पण डब्यातली आमटी मागेनासे झाले.

त्या दिवशी परत येताना आईनं रिक्षातच मला सांगून ठेवलं. कुणी विचारलं तर हात माझा आहे म्हणायचं. शाळेत, सोसायटीत, आणि बाबांना तर नक्कीच. बाबांना कळलं तर ते काकांना घरात ठेवणार नाहीत. काका बाहेर बघत होते. त्यांच्या मनगटावर साबण वाळून पांढरा झाला होता. मी ताकास तूर लागू दिली नाही.

पाकीट घरी आलं तेव्हा बाबांनी ते खिडकीशी नेऊन उजेडात धरलं. आई ओट्याशी पाठमोरी, काका पेपरात तोंड घालून. बाबांनी बराच वेळ पाहिलं.

“अगं,” ते म्हणाले, “किती छान आलाय तुझा हात.”

आईनं वळून पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी ते पाकीट बाबांनी आपल्या कारखान्यात नेलं, मित्रांना दाखवायला. ज्या हातचं इतकी वर्षं जेवले तो हात त्यांना ओळखता आला नाही. काका वाचले म्हणून मी त्या दिवशी निःश्वास टाकला. आईचं काय झालं असेल ते कळायला माझं स्वतःचं लग्न होऊन मोडावं लागलं. कुणीतरी आपल्याकडे बघून दुसऱ्याच बाईचं कौतुक करत असतं, आणि ते कौतुक गोड मानून घ्यावं लागतं. तेव्हा मात्र मला एवढंच दिसलं की तिनं त्या दिवशी पोळ्यांना तूप लावलं नाही.

शाळेत मी प्रसिद्ध झाले. मैत्रिणी पाकीट घेऊन यायच्या, आ तारी मम्मीनो हाथ छे? हो, माझ्या आईचाच. बाईंनी वर्गात विचारलं, हो. शांताबेनच्या सुना, वाण्याची मुलगी, सगळ्यांना हो. सिटी बसच्या मागे मोठी जाहिरात लागली, तेव्हा थांब्यावरच्या अनोळखी माणसांनाही मी आपणहून सांगितलं. इतका गोरा, इतका सुंदर हात आपल्या आईचा, हे म्हणायला छान वाटायचं हे खोटं नाही. शब्द तोंडात बसत गेले आणि कधीतरी चित्रही त्यांच्या जागी बसलं.

आणि खरा हात हळूहळू पदराखाली गेला. हळदीकुंकवाला आई आता कुंकू मला लावायला सांगायची, ती नुसती हसून ‘बसा ने’ म्हणायची. पाहुण्यांना ताट द्यायचं तर ताटाखाली फडकं धरायची, हात फडक्यात. आमच्याकडे तिचे फोटो थोडके नाहीत. मावसबहिणीच्या लग्नातला, गणपतीतला, कमाटीबागेत फरसाण खातानाचा. सगळ्यांत हात कुठेतरी गेलेले. एकात माझ्या पाठीमागे, एकात शालीत, एकात पर्सखाली. फोटो काढायचा म्हटलं की ती आधी हातांची सोय करायची.

त्या दिवसांत एक मात्र चांगलं झालं. कारखान्याला सुट्टी आणि बाबांची दुपारपाळी जुळून आली की आई पाटावर बसायची आणि काका ओट्यापाशी उभे राहायचे. ती सांगायची, ते करायचे. तेल तापलं का हे मोहरीला विचारा, भावोजी, मला काय विचारता. काकांची पहिली पोळी कुठल्या देशाच्या नकाशासारखी झाली ते तिनं पुढे कितीतरी दिवस पुरवून पुरवून सांगितलं. एकदा तिनं न बोलता डब्यातून त्याच बांगड्या काढून पुढे केल्या. काकांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी पुस्तकात डोकं घातलं. त्या दुपारी पोळ्या लाटताना बांगड्या वाजत होत्या आणि उन्हं गॅलरीतून आत येऊन जमिनीवर पडली होती. बाबा यायच्या आत बांगड्या डब्यात गेल्या. मी त्या दुपारी आईच्या हाताकडे बघायला हवं होतं. मी बांगड्यांकडे बघत होते, आणि बांगड्या काकांच्या हातात होत्या.

मग एका थंडीत आई गेली. त्या वर्षी उत्तरायणला सगळी सोसायटी गच्चीवर होती, पतंगांचा आणि माणसांचा आरडाओरडा, तिळाच्या चिक्कीचा वास, आणि आमच्या घराचं दार लावलेलं. शेवटचं पाहिलं तेव्हा तिच्या अंगावर हातांपर्यंत शाल होती. ती कुणी बाजूला केली नाही.

तेरावं झालं त्या संध्याकाळी काका सरळ ओट्यापाशी गेले. बाबांनी पाहिलं आणि ते जेवायला बसले. ‘बांगड्या भरल्यास काय’ हे वाक्य त्यानंतर आमच्या घरात कुणी उच्चारलं नाही. बाबा जेवायचे, ताट उचलून मोरीत ठेवायचे, आणि खिडकीशी जाऊन उभे राहायचे. आमटी अगदी आईसारखी व्हायची. तीच एक गोष्ट सहन व्हायची नाही.

शिकायला मी बाहेर पडले. पहिल्याच वर्षी होस्टेलवर ताप आला. कॉटवर पडून मी ठरवलं, आईचा हात कपाळावर आहे असं समजायचं. डोळे मिटले, आणि हिरव्या बांगड्या घालून तो गोरा हात आला. त्यात पळीसुद्धा होती. मी दचकून उठून बसले. ताप उतरल्यावर वाटलं, तापामुळे असेल. तसं नव्हतं. सुट्टीत घरी जाऊन सगळे फोटो खाली काढले, एकेक उजेडात धरला. मग एकदा बाबांना विचारायला म्हणून त्यांच्यासमोर जाऊन बसले, आणि विचारलं नाही. ते काय सांगणार होते? तेही आता नाहीत. माझी नोकरी, माझं घर, सगळं दूर आहे, आणि घरात मी एकटी असते. टीव्हीवरच्या आया अजून गोऱ्या आहेत. आता त्या ऑफिसलाही जातात आणि घरी येऊन वाढतातही. मी आवाज बंद करून बघते.

तर त्या दुकानातून मी बिस्किटं घेतली आणि ते पाकीटही घेतलं. रिक्षा केली. गोरव्याचा रस्ता रुंद झालाय, आमची सोसायटी पाडून तिथे दुकानं झालीत. काका आता जवळच एका खोलीत राहतात, तळमजल्यावर, जिना चढवत नाही म्हणून.

दार त्यांनीच उघडलं, हातात उलथनं. “ये ने, ये. पोळी तव्यावर आहे,” म्हणत परत आत गेले. खोलीत मोहरीचा आणि हिंगाचा वास होता. मी पाकीट ओट्यावर ठेवलं. त्यांनी एकदा पाहिलं आणि हे कशाला आणलंस, घरात आहे की, असं म्हणून ते फडताळात सरकवलं. तव्यावरची पोळी त्यांनी बोटांनी उलटली. मी त्यांच्या हाताकडे बघत राहिले. काळवंडलेला, शिरा वर आलेल्या, मनगटाच्या कडेला तव्यानं भाजल्याचे जुने डाग, नखांत हळद. माझं लक्ष गेलेलं त्यांना कळलं. आता या हाताला जसुभाई पाकिटावर नाही घ्यायचे, असं म्हणून ते मनापासून हसले.

विचारायचं मी वर्षानुवर्षं लांबणीवर टाकलं होतं. आईला रोज जवळून बघितलेलं आता दुसरं कुणी उरलं नव्हतं. विचारायला एकच माणूस उरला की विचारायचीच भीती वाटते. पण त्या दिवशी पोळ्या होत आल्या होत्या, वरणाला उकळी आली होती, आणि घरात आम्ही दोघंच होतो.

“काका,” मी म्हटलं, “आईचे हात कसे होते हो?”

त्यांनी गॅस बारीक केला. उलथनं खाली ठेवलं. मग ते माझ्याकडे न बघता, आपल्या हाताकडेच बघत म्हणाले, “वहिनीचा म्हणून आठवायला जातो गं, आणि माझाच दिसतो. बांगड्या घातलेला.”

मी तव्याखालचा गॅस बंद केला.

“तू तिची लेक,” काका म्हणाले. “मला वाटायचं, तुला तरी आठवत असेल. या खेपेला आलीस की मी तुलाच विचारणार होतो.”